रोज एक बटण

कोपरला काकांच्या घरी गेलं की चपला काढायच्या आधी वहीत नाव लिहावं लागे. दाराशी स्टूल, स्टुलावर लांबोडकी जाड वही, वहीला सुतळीने बांधलेलं पेन. रकाने सहा: अनुक्रमांक, नाव, येण्याची वेळ, येण्याचे कारण, जाण्याची वेळ आणि शेरा. पहिले चार पाहुण्याने भरायचे. शेवटच्या दोहोंना हात लावायचा नाही. "ते कार्यालयाकडे," असं ते सांगत. कार्यालय म्हणजे बनियन आणि लेंगा घातलेले ते स्वतः.

मुलगी माहेरपणाला आली तरी सुटका नव्हती. तिने एकदा वैतागून कारणाच्या रकान्यात "हे माझं घर आहे" असं लिहिलं. त्यापुढे शेरा पडला: "मान्य. निकाली."

त्या वहीत माझ्या नावाच्या दोन नोंदी आहेत. त्यांच्याबद्दल सांगायचं तर आधी बरंच काही सांगावं लागेल, आणि त्यातलं पुष्कळसं माझ्या अब्रूला शोभणारं नाही.

ठाण्यातल्या आमच्या शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात ते आवक-जावक कारकून होते. संस्थेच्या शाळा ठाण्यापासून पार मोहन्यापर्यंत. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक द्यायचा, शिक्का मारायचा, गेलेल्या कागदाची नोंद ठेवायची, एवढंच काम. माणसं असलं काम पोटासाठी करतात, ते श्रद्धेने करत. एकदा खिडकीतून कबूतर आत आलं आणि कपाटावर जाऊन बसलं. आम्ही सगळे फायली उगारत त्याच्यामागे. ह्यांनी शांतपणे वही उघडून नोंद केली: "आवक. कबूतर, एक. खिडकीमार्गे." संध्याकाळी ते उडून गेलं तेव्हा जावकात चढवलं आणि मगच टेबल आवरलं.

त्यांचे शेरे तीनच. काम झालं की "निकाली". चुकीच्या ठिकाणी आलेलं असलं की "परत". आणि अडून राहिलं की "प्रलंबित". हा तिसरा शब्द ते अशा आवाजात उच्चारत की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात कोणीतरी आजारी आहे.

"एखादं प्रलंबित राहिलं ना तज्ज्ञ, की जेवण गोड लागत नाही मला," असं ते म्हणत.

तज्ज्ञ म्हणजे मी. हे नाव त्यांनी मला दिलं ते चेष्टेने नाही, ही त्यातली खरी दुःखाची गोष्ट. मुलाखतीत मला विचारलेलं, "कॉम्प्युटर येतो?" मी म्हटलं, "हो." त्या एका 'हो'वर मी इतकी वर्षं भाकरी खातोय. कोर्सचं सर्टिफिकेट होतं, पण कोर्सच्या वेळात मी बहुतेक तलावपाळीवर भटकत असायचो. माझी विद्या तीन मंत्रांची: बंद करून चालू करा, वायर हलवून बघा, आणि हे दोन्ही फसलं तर गंभीर चेहऱ्याने "सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे" म्हणा. आमच्याकडे सर्व्हर नव्हता. पण हे विचारणारं कोणी नव्हतं, आणि जे विचारू शकले असते त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी पन्नाशी कधीच ओलांडलेली. सचिवांनी फर्मान काढलं की आवक-जावक आता मशीनवरही चढवायची. मी मोठ्या उदारपणे खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो. "काका, मी दाखवतो."

"नको," ते म्हणाले. "दाखवलेलं येत नाही. सापडलेलं येतं."

मग त्यांनी त्यांची पद्धत काढली: रोज एक बटण. वर्डमध्ये वरती जी चित्रांची पट्टी असते, तिच्या डाव्या टोकापासून सुरुवात. रोज दुपारी जेवणानंतर एक नवं बटण दाबायचं. जास्त नाही, एकच. दाबण्याआधी "हं, करतो" असं मशीनला सांगायचं. मग काय झालं ते वहीत लिहायचं.

"आज दाबले: जाड अक्षराचे बटण. झाले: नाव लठ्ठ."

"आज दाबले: कात्री. झाले: परिच्छेद नाहीसा. घाबरलो. पाणी प्यायलो."

ह्या कात्रीच्या दिवशी मी शेजारीच होतो. नाहीसा झालेला परिच्छेद परत आणायचं बटण कात्रीला लागूनच होतं, पण ते दुसऱ्या दिवशीचं बटण. "काका, सांगू का?" मी म्हटलं. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. त्या संध्याकाळी त्यांनी कॉम्प्युटर बंद करू दिला नाही. पडद्यावर कागद चिकटवला: "आतमध्ये परिच्छेद आहे. कोणी हात लावू नये." दुसऱ्या दिवशी जेवल्यावर त्यांनी पुढचं बटण दाबलं. परिच्छेद परत आला. वहीत नोंद झाली: "काल उगाच घाबरलो."

घरी तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. म्हणून एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी पट्टीने कीबोर्ड आखला होता, जुन्या मराठी टाइपरायटरच्या धाटणीचा, आणि जेवणाच्या टेबलावर काचेखाली ठेवला होता. काकू सांगायच्या, "जेवताना डावा हात चालूच. मी विचारलं, काय टाइप करताय एवढं? तर म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे. तोंडाने बोललो असतो तर तू चिडली असतीस."

बटणांची वही भरत गेली तेव्हा त्यातून धडे निघाले, आणि ते धडे मावशींसाठी होते.

मावशी आमच्या ऑफिसातल्या शिपाई. कल्याणहून यायच्या, तोंडाने तिखट, कामाला वाघ. कॉम्प्युटरची परीक्षा पास झाल्या तर त्यांना कारकुनाची जागा मिळणार होती. त्यासाठी क्लास लावला आणि महिन्याभरात सोडला.

"ती मॅडम माउस माझ्या हातातून काढून घेते," मावशी सांगत होत्या. "म्हणते, असं करायचं. ती करते, मी बघते. शिकलं कोण? तीच. फी मात्र माझी."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे ज्याला कोणी शिकवत नाही, त्याच्यासाठी पुस्तक पाहिजे."

"मग लिहा की. दिवसभर नाहीतरी शिक्केच मारता."

त्यांनी लिहायला घेतलं. एकेक धडा म्हणजे एकेक फाइल, नाव नुसता आकडा. चाळीस धडे करायचे ठरलेलं. ऑफिस सुटल्यावर अर्धा तास थांबून ते टाइप करत, कारण संस्थेच्या वेळात स्वतःचं काम करायचं नाही हा नियम. धडा झाला की मावशींना खुर्चीत बसवून स्वतः उभं राहून वाचून दाखवत. माउसला हात लावत नसत. मावशींचा बाण भलतीकडे गेला तरी हात पाठीमागे बांधून उभे.

त्यातले चार धडे मला अजून पाठ आहेत. पहिला धडा असा: "यंत्र चालू करण्याआधी आपण काय करायला बसलो आहोत ते कागदावर लिहावे. चालू झाल्यावर आठवत नाही." चौथा: "लिहिलेले दिसेनासे झाल्यास घाबरू नये. ते गेलेले नसते, वर सरकलेले असते. उजवीकडची पट्टी धरून वर जावे. रागाने जाऊ नये." नववा: "फेकलेले लगेच जात नाही, टोपलीत पडते. टोपली रिकामी करणाऱ्याने आधी ज्याचे आहे त्याला विचारावे." आणि अकरावा: "डावीकडे वळलेला बाण दाबल्यास केलेले न केल्यासारखे होते. मात्र फाइल बंद झाली की बाण चालत नाही. उलटवायचे ते त्याआधी उलटवावे."

पाठ कसे राहिले ते सांगतो. खालच्या टपरीवर मी हे धडे त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो. एक हात पाठीमागे, मान किंचित तिरकी, "रागाने जाऊ नये." पोरं चहा सांडेपर्यंत हसायची. चेष्टेसाठी घोकलेले तेवढे चार उरले. बाकीचे मी तेव्हा नीट ऐकलेच नाहीत.

त्यांचं आणखी एक तत्त्व होतं, ते इथेच सांगायला हवं. कुठल्याही गोष्टीची दुसरी प्रत करायची नाही. "एका कागदाच्या दोन प्रती झाल्या की खरी कुठली ह्याच्यावर भांडण," हा त्यांचा आवक-जावकमधला अनुभव. मी पेनड्राइव्हबद्दल बोललो तर म्हणाले, "म्हणजे मी तो धडा तिकडे सुधारला, तर इकडचा चुकीचा राहणार ना?" प्रिंट काढा म्हटलं तर संस्थेची शाई स्वतःच्या कामाला चालणार नव्हती. चाळीस धडे पुरे झाले की स्वतःच्या खर्चाने डोंबिवलीत एकदाच छापून घेणार होते. तोवर जे होतं ते त्या एका मशीनमध्ये.

आता माझ्या कर्तबगारीचा एक नमुना. वार्षिक संमेलनाची निमंत्रणं सगळ्या शाळांच्या मुख्याध्यापकांना पाठवायची होती. मी सचिवांपुढे छाती पुढे काढली: नावं, पत्ते आपोआप पडतील, एका क्लिकमध्ये सगळी पत्रं तयार. आणि तशी झालीही. मी गठ्ठा बांधून काकांच्या टेबलावर टाकला आणि टपरीवर गेलो. परत आलो तर गठ्ठा तसाच, आणि काका चष्मा पुसत बसलेले.

"तज्ज्ञ, एक शंका आहे."

"बोला."

"सगळे एकदमच निवृत्त होतायत. शाळा कोण चालवणार?"

मी पत्र उघडलं. नावं, पत्ते बरोबर. पण खालचा मजकूर मी आदल्या महिन्यात मोहन्याच्या मुख्याध्यापिकाबाईंसाठी केलेल्या पत्राचा. संस्थेच्या एकूणएक मुख्याध्यापकांना, त्यात नुकताच रुजू झालेला एक तिशीतला गृहस्थही आला, मी त्यांच्या आगामी निवृत्तीबद्दल जड अंतःकरणाने शुभेच्छा दिल्या होत्या. शेवटी "आपली उणीव भासेल" असंही होतं.

काकांनी जावक वही माझ्याकडे वळवली. माझ्या पत्रांपुढे लिहिलं होतं: "प्रलंबित." कारण लिहिलं नव्हतं.

"दुरुस्त करून द्या. दुपारच्या टपालात घालतो," ते म्हणाले. सचिवांना कळलं नाही, टपरीला कळलं नाही, मावशींनासुद्धा कळलं नाही. ते त्या विषयावर पुन्हा कधीच बोलले नाहीत. फक्त पुढचे अकरा दिवस रोज एकच बटण दाबत त्यांनी तो सगळा प्रकार स्वतः शोधून काढला आणि एकतिसावा धडा लिहिला. तो मावशींसाठी होता की माझ्यासाठी, ह्याचा तेव्हा मी विचार केला नाही.

मग संस्थेचं ऑफिस घोडबंदर रोडला हललं. नव्या इमारतीत, सातव्या मजल्यावर, नव्या कॉम्प्युटरांसकट. सचिवांनी मला बोलावून सांगितलं, "कामाचं तेवढं नव्या मशीनवर घ्या, कचरा आणू नका. जुनी मशीनं पुसून नवी देणाऱ्या माणसाच्या ताब्यात द्या, तो बदल्यात घेतोय." एवढी मोठी जबाबदारी माझ्यावर पहिल्यांदाच पडलेली. मी गळ्यात ओळखपत्र घालून फिरायला लागलो.

काका त्या आठवड्यात रजेवर होते. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला.

"तज्ज्ञ, माझ्या मशीनमधलं सगळं येतंय ना?"

"सगळं येतंय, काका. तुम्ही डोळा सांभाळा."

आणि खरंच सगळं आणलं होतं. नव्या मशीनवर एकेक फोल्डर उघडून मी कामाचं आणि कचरा वेगळं करत होतो. काकांच्या फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या फाइली होत्या, एक ते अडतीस. धडे ते कुठल्या नावाने ठेवतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. पहिली उघडली. आत एकही मराठी अक्षर नाही. तुटकी इंग्रजी अक्षरं, मधूनच टोपी घातलेली, मधूनच टिंबं, कंस, कसल्याशा परक्या चलनाच्या खुणा, पानंच्या पानं. दुसरी उघडली, तेच. सतरावी उघडली, तेच. मी मावशींना हाक मारून दाखवलं.

"हे बघा. व्हायरस. काकांनी रोज एक बटण दाबून मशीनचं काय करून ठेवलंय."

"कशाच्या फाइली आहेत पण?" मावशींनी विचारलं.

"कशाच्या नाहीत. कचरा आहे."

"त्यांना फोन करून विचार ना."

"डोळ्यावर पट्टी आहे त्यांच्या. त्यांना कशाला त्रास?"

मी एक ते अडतीस निवडल्या आणि उडवल्या. टोपलीत ठेवणं हे नवशिक्याचं लक्षण. तज्ज्ञ माणूस थेट उडवतो. ते कसं करायचं हे मला नेमकं येत होतं. त्याच दिवशी जुनी मशीनंही पुसून त्या माणसाच्या टेम्पोत चढवली.

काका आले ते काळा चष्मा लावून. नव्या ऑफिसात त्यांना खिडकीजवळची जागा दिली होती.  तीन दिवस ते मशीनमध्ये काहीतरी शोधत होते, त्यांच्याच पद्धतीने, डावीकडून उजवीकडे, एकेक फोल्डर उघडून, बंद करून, वहीत टिकमार्क करत. चौथ्या दिवशी माझ्या टेबलापाशी आले. ह्याआधी ते कधी काही विचारायला माझ्या टेबलापाशी आले नव्हते.

"तज्ज्ञ, आकड्यांच्या फाइली होत्या. एक ते अडतीस. धड्यांच्या."

मला त्या इंग्रजी कचऱ्याची पानं आठवली. तरी मी विचारलं, "मराठीत होत्या?"

"हो, पण जुन्या मराठीत. आपल्या जुन्या मशीनवर ती अक्षरं घातलेली होती ना, त्यातली. ती अक्षरं ज्या मशीनवर नसतात तिथे सगळं इंग्रजी कचऱ्यासारखं दिसतं. मी एकदा सायबर कॅफेत उघडून पाहिलं होतं, घाबरलो होतो. त्यावर सव्विसावा धडाच आहे." आणि त्यांनी तो म्हणून दाखवला, हात पाठीमागे बांधून: "फाइल कचऱ्यासारखी दिसली तर ती कचरा असेलच असे नाही. अक्षरे बदलून पाहावीत."

ह्या ठिकाणी मला एक वाक्य बोलायचं होतं. फार तर चार शब्दांचं. मावशी पलीकडे कपाट लावत होत्या, सचिवांच्या केबिनचं दार उघडं होतं, आणि माझ्या गळ्यात ते ओळखपत्र होतं. मी म्हटलं:

"काका, तुमच्या हातून काही दाबलं गेलं होतं का? रजेवर जायच्या आधी?"

ते विचारात पडले. प्रामाणिक माणसाला असा प्रश्न विचारू नये. तो खरोखर विचार करतो. काळा चष्मा काढून त्यांनी डोळा टिपला. "शेवटचे दोन-तीन दिवस नीट दिसत नव्हतं खरं," ते म्हणाले. "धूसर होतं. असेल. माझाच हात गेला असेल."

जागेवर जाऊन त्यांनी बटणांच्या वहीत लिहिलं. मी नंतर ते पान पाहिलं. "एक ते अडतीस नाहीशा. काय दाबले: माहीत नाही. कारण: माझा हात." त्याखाली रेघ. पुढची पानं कोरी.

मावशींना सगळं माहीत होतं. त्या तेव्हा कपाटच लावत राहिल्या. संध्याकाळी लिफ्टपाशी मला गाठलं.

"तू सांगणार आहेस की मी सांगू?"

"मी सांगतो, मावशी. उद्या सांगतो."

"बघ हां. तुझं तू सांगितलंस तर ती चूक. मी सांगितलं तर चहाडी."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मावशींनी नेहमीसारखं विचारलं, "काका, आज कुठलं बटण?"

"आज नको," ते म्हणाले. त्यानंतर रोज "आज नको". निवृत्तीला आठेक महिने होते. तेवढे महिने त्यांनी आवक-जावक हाताने लिहिली आणि मशीनवर मी चढवली. मावशींना शिकवायचं कामही माझ्याकडे आलं. दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या हातातून माउस काढून घेतला. मावशींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. पुढे त्या परीक्षा पास झाल्या, दुसऱ्या खेपेला, स्वतःच्या हिमतीवर. माझा "उद्या" मात्र निवृत्तीच्या हारतुऱ्यांपर्यंत आला आणि त्यांच्याबरोबर घरी गेला. मावशींनी चहाडी केली नाही. फक्त मला "तज्ज्ञ" म्हणायला लागल्या. त्यांच्या तोंडी तो शब्द मात्र चेष्टेचाच होता.

वर्षभराने एका रविवारी मी ठरवून कोपरला गेलो. पाव किलो पेढे घेतलेले. वाक्य पाठ केलेलं: काका, त्या फाइली मी उडवल्या, तुमचा हात नव्हता. जिना चढलो, स्टुलापाशी वाकलो, नाव लिहिलं, वेळ लिहिली आणि "येण्याचे कारण" ह्या रकान्यापाशी पेन थांबलं. आतून ते बघत होते. मी लिहिलं: "सहज."

ते खूश झाले. मला त्यांनी गच्चीत लावलेली ब्राह्मी दाखवली. मुलीने पाठवलेला लॅपटॉप कोपऱ्यात होता, त्यावर काकूंनी विणलेला रुमाल, रुमालावर फुलदाणी. "छान आहे," ते म्हणाले, "पण उघडत नाही मी. हाताचा भरवसा राहिला नाही. मुलीचं काही गेलं माझ्यामुळे तर?" जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली कागदाचा कीबोर्ड अजून होता. त्यावर त्यांचे दोन्ही हात शांत पडून होते.

तेव्हा वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. काकूंनी पोह्यांची बशी पुढे केली आणि मी घास घेतला. तोंड भरलेलं असताना माणूस किती निर्दोष दिसतो. निघताना त्यांनी विचारलं, "काही काम होतं का, तज्ज्ञ?" मी म्हटलं, "नाही हो, सहजच." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वही पुढ्यात ओढली. मी जिना उतरलो तेव्हा ते अजून लिहीत होते.

गेल्या वर्षी मावशींचा फोन आला. "तज्ज्ञ, काका गेले," एवढंच म्हणाल्या आणि थोडं थांबल्या. मी काही बोलतो का बघत असाव्यात.

दिवसकार्य झाल्यावर गेलो. स्टूल तिथेच, वही तिथेच, पेन तिथेच. काकू दारात आल्या. "लिहा. त्यांनी घातलेली शिस्त आहे, मी मोडली नाही," त्या म्हणाल्या. "दिवसांत आलेल्यांनीसुद्धा लिहिलंय."

मी पेन उचलण्याऐवजी पानं मागे चाळत गेलो. दूधवाला, दूध, निकाली. शेजारचे, पेपर वाचण्यास, निकाली. व्याही, कारण "सहज", शेरा "खरोखरच सहज. निकाली." बरीच पानं मागे माझी ओळ सापडली. नाव, वेळ, कारण: "सहज." जाण्याची वेळ. आणि शेवटच्या रकान्यात, त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात:

"प्रलंबित."

काकूंनी विचारलं, "काय झालं हो?"

मग मी दारातच उभं राहून सांगितलं. नवं ऑफिस, एक ते अडतीस, इंग्रजी कचरा, थेट उडवणं, "तुमच्या हातून काही दाबलं गेलं का." काही गाळलं नाही. ज्यांच्यापासून गाळायचं ते आता ऐकायला नव्हते.

काकू भिंतीला टेकल्या. 

"मला त्या मशीनमधलं कळत नाही," मग म्हणाल्या. "पण ते जेवताना मधेच थांबायचे. म्हणायचे, माझा हात नेमका कुठे गेला असेल गं? मी म्हणायचे, जाऊ द्या ना, तुम्हालाच तेव्हा दिसत नव्हतं. मीसुद्धा तेच म्हणत राहिले."

"काकू, माझी चूक..."

"आता मला सांगून काय?" आवाजात राग नव्हता, तेवढाही आधार त्यांनी मला दिला नाही. वही सरळ करून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "लिहा."

मी नाव लिहिलं. वेळ लिहिली. कारणाचा रकाना दोन बोटं रुंदीचा. पाहुण्याचं कारण ह्याहून मोठं असेल असं आखणाऱ्याला वाटलं नसावं. मी बारीक अक्षरात लिहायला लागलो: एक ते अडतीस ह्या फाइली मी उडवल्या, काकांचा हात नव्हता. खालच्या तीन ओळी भरल्या.

काकूंनी आत डोकावून घड्याळ पाहिलं आणि जाण्याची वेळ लिहिली. पेन शेवटच्या रकान्यावर क्षणभर धरलं. मग टोपण लावलं.

"शेरा ते लिहायचे," त्या म्हणाल्या आणि वही मिटली.